सत्तरीतल्या हृदयाला कार्डियामोबाइल सिक्स-एल किती पुरतं?

घरातल्या सत्तरी ओलांडलेल्या माणसाची तक्रार 'मधूनच धडधडतं, दवाखान्यात पोचेपर्यंत थांबतं' अशी असेल, तर अलाइव्हकोर कंपनीचं कार्डियामोबाइल सिक्स-एल हे घरच्या घरी ईसीजी, म्हणजे हृदयाच्या विजेचा आलेख, काढणारं यंत्र घेण्यासारखं आहे. तक्रार भोवळ येऊन पडण्याची असेल तर हे यंत्र घेऊ नका, आधी डॉक्टरांना भेटून होल्टर, म्हणजे अंगावर बांधून सतत ईसीजी नोंदवणारी तपासणी, करून घ्या. असं का, हे म्हातारपणी हृदयाच्या विजेत नेमकं काय बिघडतं यावर ठरतं. म्हणून या परीक्षणात यंत्राइतकंच हृदयाबद्दलही लिहिलं आहे.

यंत्र म्हणजे सुमारे ९ सेंटीमीटर लांबीची एक छोटी पट्टी. वरच्या बाजूला धातूचे दोन इलेक्ट्रोड, खालच्या बाजूला एक. वरच्या दोन्हींवर दोन हातांची बोटं ठेवायची, खालचा डाव्या गुडघ्याच्या किंवा डाव्या घोट्याच्या उघड्या त्वचेवर टेकवायचा आणि ३० सेकंद स्थिर बसायचं. ब्लूटूथवरून आलेख फोनमध्ये येतो. त्यात हातापायांच्या सहा लीड, म्हणजे हृदयाच्या विजेकडे बघणारे सहा कोन, मिळतात: पहिली, दुसरी, तिसरी, एव्हीआर, एव्हीएल आणि एव्हीएफ. छातीवरच्या सहा लीड यात नाहीत. अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामकाची मान्यता याला २०१९ मध्ये मिळाली आणि तिथे ते १४९ डॉलरला बाजारात आलं. याच कंपनीचं आधीचं लहान यंत्र फक्त पहिली लीड देतं आणि स्वस्त पडतं.

वयस्कर माणसासाठी जास्तीचे पैसे मोजून सहा लीडवालंच घ्यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. कारण पी लहर. हृदयाच्या वरच्या कप्प्यांमधून वीज जाते तेव्हा उमटणारा हा छोटा उंचवटा म्हातारपणी पहिल्या लीडमध्ये बरेचदा इतका बसका होतो, की हाताच्या थरथरीत हरवून जातो. दुसऱ्या लीडमध्ये तो सहसा सर्वांत ठळक दिसतो. ठोके अनियमित असताना पी लहर आहे की नाही, यावरच पुढचं सगळं निदान अवलंबून असतं.

आता हृदयाकडे. ठोक्याची ठिणगी उजव्या वरच्या कप्प्यातल्या सायनस नोडमध्ये पडते. वय वाढतं तशा तिथल्या ठिणगी पाडणाऱ्या पेशी घटतात आणि त्यांच्या जागी तंतू व चरबी भरते. विशीत असतात त्यांपैकी पंचाहत्तरीला जेमतेम दहा टक्के पेशी उरतात, असं वैद्यकाची पाठ्यपुस्तकं सांगतात. तरीही बसल्या जागी नाडी मोजली तर आजोबांची आणि नातवाची जवळपास सारखीच भरते. यामागचं गणित १९७० मध्ये मांडलं गेलं. औषधांनी मज्जातंतूंचा लगाम आणि चाबूक दोन्ही बंद केले की हृदयाची स्वतःची मूळ गती उरते. ती साधारण ११८.१ वजा वयाच्या ०.५७ पट इतकी असते. म्हणजे विशीत मिनिटाला सुमारे १०७ आणि सत्तरीत सुमारे ७८. तरुणपणी व्हेगस नावाचा मज्जातंतू ही १०७ ची गती ओढून सत्तरच्या आसपास आणतो. म्हातारपणी ओढायला फारसं शिल्लकच नसतं. आकडा तोच दिसतो, पण पाठीशी असलेला साठा संपत आलेला असतो.

परिश्रमात हे उघडं पडतं. जास्तीत जास्त ठोक्यांचा अंदाज २०८ वजा वयाच्या ०.७ पट असा काढतात. विशीत १९४, सत्तरीत १५९. हा उतार सगळ्यांनाच लागू आहे, तो आजार नव्हे. आजार तेव्हा म्हणायचा जेव्हा एक मजला चढून धाप लागली तरी ठोके ६२ वरून ६८ वरच अडकतात. बसून काढलेल्या आलेखावर हे कधीच दिसणार नाही, 'नॉर्मल' असंच उत्तर येईल. म्हणून चालल्यावर दम लागतो अशी तक्रार असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर एक आलेख बसून आणि दुसरा जिना चढून आल्या आल्या काढावा. यंत्र जिन्याच्या वरच्या टोकाला तयार ठेवायचं, कारण दोन मिनिटं गेली तर आकडा खाली येतो. मेटोप्रोलॉल, अॅटेनोलॉल यांसारख्या बीटा-ब्लॉकर गोळ्या चालू असतील तर ठोके त्यांच्यामुळेही वाढत नाहीत. तेव्हा निष्कर्ष डॉक्टरांवर सोडावा.

सायनस नोडपासून खाली जाणाऱ्या तारांनाही वय लागतं. वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या एव्ही नोड या नाक्यावर वीज जास्त रेंगाळते आणि पीआर अंतर, म्हणजे विजेला वरून खाली पोचायला लागणारा वेळ, लांबतं. त्याखालच्या फांद्यांभोवती तंतू आणि कॅल्शियम साचतं. लेव्ह आणि लेनेग्र यांनी १९६४ मध्ये वर्णन केलेला हा आजार आजही वृद्धांना पेसमेकर लागण्याचं एक मोठं कारण आहे. विजेचा अक्ष, म्हणजे ती वाहण्याची सरासरी दिशा, डावीकडे कलतो. क्यूटी अंतर, म्हणजे खालच्या कप्प्यांत वीज पसरून पुन्हा ओसरायला लागणारा वेळ, किंचित वाढतं. आणि वरचे कप्पे ताणले गेल्याने, त्यांच्यात तंतू शिरल्याने वीज सरळ न जाता भोवऱ्यासारखी फिरू लागते. तेच एट्रियल फिब्रिलेशन, थोडक्यात एएफ.

हे यंत्र खऱ्या अर्थाने बनलं आहे ते एएफसाठी. वयाशी इतकं घट्ट बांधलेलं ठोक्यांचं दुसरं दुखणं क्वचितच असेल. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत पंचावन्नच्या आतल्या लोकांमध्ये एएफचं प्रमाण ०.१ टक्का होतं, ऐंशी आणि त्यापुढे ९ टक्के. त्याने पक्षाघाताचा धोका सुमारे पाच पट होतो. जोखीम मोजण्याच्या प्रचलित पद्धतीत ६५ ते ७४ वयाला एक गुण आणि ७५ पासून पुढे दोन गुण निव्वळ वयाचे मिळतात, ते याचमुळे. शिवाय एएफ येतो-जातो. दवाखान्यातला बारा लीडचा ईसीजी अधिक सखोल असतो, पण तो टिपतो फक्त १० सेकंद, आणि तेही ठरलेल्या भेटीच्या वेळी. हे यंत्र उशाशी असतं. युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार एएफचं निदान नक्की करायला एका लीडवर किमान ३० सेकंदांचा आलेख चालतो. यंत्र नेमके तेवढेच सेकंद टिपतं.

याचा उपयोग होतो का, यावर २०१७ मध्ये वेल्समधली एक चाचणी प्रसिद्ध झाली. पासष्टीपुढच्या, पक्षाघाताची जोखीम असलेल्या १००१ जणांपैकी निम्म्यांनी वर्षभर याच कंपनीच्या एका लीडच्या यंत्रावर आठवड्यातून दोनदा आलेख काढले. त्या गटात १९ जणांना एएफ सापडला, नेहमीच्या तपासण्यांवर असलेल्या गटात ५ जणांना. आठवड्यातून दोनदा आणि शिवाय धडधडल्यावर, हे वेळापत्रक आम्ही तिथूनच उचलायला सांगतो. दिवसातून सहा-सहा वेळा आलेख काढून काहीच साधत नाही, घरात धास्ती मात्र वाढते.

दुसरी बाजूही तितक्याच गांभीर्याने सांगायला हवी. डेन्मार्कमध्ये ७० ते ९० वयाच्या ६००४ जणांवर चाचणी झाली. त्यातल्या काहींच्या त्वचेखाली सतत नोंद करणारं यंत्र बसवलं होतं. त्यांच्यात एएफ ३१.८ टक्के जणांना सापडला, इतरांमध्ये १२.२ टक्के. पण २०२१ मध्ये निकाल आला तेव्हा पक्षाघात कमी झाल्याचं ठोसपणे सिद्ध होऊ शकलं नाही. म्हणजे सापडलेला प्रत्येक एएफ सारख्या वजनाचा नसतो. फोनवर 'पॉसिबल एएफ' आलं म्हणून कुणाच्या घरात उरलेली अॅपिक्साबान किंवा डॅबिगाट्रान ही रक्त पातळ करणारी औषधं सुरू करू नका. या औषधांचा डोस वय, वजन आणि मूत्रपिंडाच्या तपासणीवर ठरतो. अॅस्पिरिन तर यासाठी पर्यायच नाही. ती घेतोय म्हणून निर्धास्त राहणारी घरं बरीच असतात, त्यांनी हे डॉक्टरांशी बोलून घ्यावं.

यंत्र कुठे कमी पडतं ते आता नीट समजून घ्या. अॅप जे उत्तर देतं त्याच्या हद्दी ठरलेल्या आहेत. ठोके ५० ते १०० आणि नियमित असले तर 'नॉर्मल', ४० ते ५० असतील तर 'ब्रॅडिकार्डिया', १०० ते १४० असतील तर 'टॅकिकार्डिया'. चाळीसच्या खाली किंवा एकशे चाळीसच्या वर गेलं की उत्तर येतं 'अनक्लासिफाइड'. सगळ्यात घातक गैरसमज इथेच होतो. संपूर्ण हार्ट ब्लॉकमध्ये, म्हणजे वरची वीज खालच्या कप्प्यांत मुळीच पोचत नाही तेव्हा, ठोके ३५ वर आलेले असतात, फोनवर 'अनक्लासिफाइड' उमटतं आणि घरचे यंत्र पुसून पुन्हा प्रयत्न करत बसतात. तेव्हा शब्द वाचण्याआधी ठोक्यांचा आकडा वाचा. आकडा ४० च्या खाली असेल आणि माणूस गळून गेलेला, घामेजलेला किंवा गोंधळलेला असेल, तर आलेख पुन्हा काढू नका, १०८ ला फोन करा.

'नॉर्मल'चा अर्थही मर्यादित आहे. ताल बरोबर आहे, एवढंच ते सांगतं. पीआर अंतर लांबलेलं असलं तरी ठोके नियमित असतात आणि उत्तर 'नॉर्मल'च येऊ शकतं. त्यासाठी पीडीएफ उघडून चौकोन मोजावे लागतात. कागदाचा वेग सेकंदाला २५ मिलिमीटर असतो, म्हणजे एक लहान चौकोन ४० मिलिसेकंदांचा. पी लहरीच्या सुरुवातीपासून टोकदार क्यूआरएसच्या, म्हणजे खालच्या कप्प्यांत वीज पसरताना उमटणाऱ्या लहरीच्या, सुरुवातीपर्यंत पाचपेक्षा जास्त लहान चौकोन भरले तर पीआर २०० मिलिसेकंदांच्या पुढे गेलं. क्यूआरएसची रुंदी तीन चौकोन किंवा अधिक असेल तर खालच्या फांद्यांमध्ये अडथळा आहे. दोन्ही गोष्टी म्हातारपणी वारंवार दिसतात आणि एकेकट्या असल्या तर घाबरण्याजोग्या नसतात. भोवळ येण्याचा इतिहास असेल आणि या दोन्ही दिसत असतील, तर मात्र त्याच आठवड्यात हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा.

आणि भोवळ. म्हातारपणी सायनस नोड थकला की एक जोडगोळी दिसते: काही वेळ एएफची धावपळ, ती थांबते त्या क्षणी तीन-चार सेकंद किंवा जास्त काळ पूर्ण शांतता. त्या शांततेत माणूस कोसळतो. कोसळणारा माणूस बोटं टेकवून आलेख काढणार कसा? सावरल्यावर काढलेला आलेख 'नॉर्मल' येतो आणि 'शुगर कमी झाली असेल' म्हणून विषय मिटतो. हा खोटा दिलासा या यंत्राचा सगळ्यात मोठा धोका आहे. भोवळ रोजची असेल तर २४ ते ४८ तासांचं होल्टर पुरतं. आठवड्यातून एकदा येत असेल तर छातीवर चिकटणारी ७ ते १४ दिवसांची पट्टी लागते. काही महिन्यांतून एकदाच येत असेल तर डॉक्टर त्वचेखालच्या लूप रेकॉर्डरचा विचार करतात.

हृदयविकाराचा झटका हे यंत्र ओळखत नाही. छातीवरच्या लीडच नसल्यामुळे हृदयाच्या समोरच्या भिंतीचं चित्र त्यात येतच नाही. छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, थंड घाम यांपैकी काही असेल तर यंत्राकडे हातसुद्धा नेऊ नका, थेट रुग्णालयात जा.

आता चांगला आलेख कसा काढायचा ते. 'अनरीडेबल' उत्तरांचा दोष बहुतेक वेळा बोटांचा असतो. वयाने त्वचा कोरडी आणि जाड होते आणि वीज धड पोचत नाही. इलेक्ट्रोड सॅनिटायझरने पुसा, बोटं पाण्याने किंचित ओलसर करा, किंवा पाण्यात विरघळणारं लोशन चोळा. तेल नको, तेलाचा थर वीज अडवतो. स्वयंपाक करून थेट येऊन बसणाऱ्या आजींच्या बोटांवर तो असतोच. साबणाने हात धुऊन घ्यावेत. गुडघ्यावर कापड चालत नाही. नऊवारी किंवा साडीत घोटा सोपा पडतो, फक्त मोजा काढायचा आणि पैंजण वर सरकवायचं, म्हणजे धातूला धातू लागणार नाही. पाय डावाच हवा.

बसायचं पाठ टेकून, दोन्ही कोपरं मांडीवर किंवा टेबलावर, खांदे सैल. यंत्र घट्ट दाबून धरलं की स्नायूंची थरथर आलेखात उतरते. बोटं नुसती टेकवायची. बोलायचं नाही, खोकायचं नाही. फोन चार्जरला लावलेला असेल तर काढा, आणि मिक्सर किंवा पंख्याच्या रेग्युलेटरपासून थोडं दूर बसा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे अॅपच्या सेटिंगमध्ये मेन्स फिल्टर ५० वर आहे ना, हे एकदा बघून घ्या. तो ६० वर राहिला तर रेषेवर बारीक दाट केसांसारखी झालर दिसते.

यंत्र उलटं धरणं ही सगळ्यात नेहमीची चूक. डावं-उजवं बदललं की पहिल्या लीडमध्ये सगळं खाली डोकं वर पाय होतं आणि एव्हीआर सरळ दिसू लागते. एरवी एव्हीआरमध्ये लहरी खालच्या दिशेनेच असतात. पट्टीच्या डाव्या टोकाला नेलपॉलिशचा एक ठिपका लावून ठेवा, प्रश्न सुटतो.

पार्किन्सनच्या रुग्णांबाबत वेगळी काळजी घ्यावी लागते. त्यांच्या हाताची थरथर सेकंदाला चार ते सहा वेळा होते, म्हणजे मिनिटाला २४० ते ३६०. एट्रियल फ्लटर या तालाच्या दुसऱ्या बिघाडात वरचे कप्पे मिनिटाला साधारण २५० ते ३५० वेळा आकुंचन पावतात. दोन्ही आकडे एकमेकांवर बसतात आणि निरोगी तालावरही करवतीच्या दातांसारखी रेषा उमटते. अशा माणसाचे हात उशीवर ठेवून, थरथर कमी असते त्या वेळी आलेख काढावा. टोकदार क्यूआरएस समान अंतरावर येत असतील आणि करवतीचे दात प्रत्येक लीडमध्ये वेगळे वाटत असतील तर थरथरीचा संशय धरावा.

खोट्या 'पॉसिबल एएफ'चं दुसरं कारण म्हणजे वरच्या कप्प्यातले आगंतुक ठोके. वयाबरोबर ते वाढतातच. एक ठोका लवकर येतो, मग जरा विश्रांती, मग पुन्हा ठरलेला ताल. दुसऱ्या लीडमध्ये प्रत्येक क्यूआरएसआधी पी लहर दिसली तर तो एएफ नव्हे. पी कुठेच नाही आणि कोणतीही दोन अंतरं जुळत नाहीत, हे चित्र एएफचं. इथे सहा लीडचे पैसे वसूल होतात.

औषधांचा विषय यंत्राच्या माहितीपत्रकात सापडणार नाही, पण घरी ठोके मंद दिसले तर आधी गोळ्यांचा डबा बघावा. बीटा-ब्लॉकर, डिल्टियाझेम, व्हेरापामिल, डिगॉक्सिन ही ओळखीची नावं. विसरलं जातं ते काचबिंदूचं टिमोलॉल. डोळ्यात टाकलेला थेंब नाकावाटे रक्तात जातो आणि थकलेल्या नोडला आणखी मंद करतो. म्हणून औषधांच्या यादीत डोळ्यांचे थेंबही लिहा. क्यूटी लांबवणाऱ्यांमध्ये अझिथ्रोमायसिन, लिव्होफ्लॉक्सासिन, एस्सिटालोप्रॅम येतात, आणि आपल्याकडे पित्तावर सर्रास घेतलं जाणारं डोम्पेरिडोन. युरोपच्या औषध नियामकाने २०१४ मध्ये डोम्पेरिडोनची मर्यादा दिवसाला ३० मिलिग्रॅम आणि साधारण एक आठवडा अशी घातली, आणि साठीपुढे धोका जास्त असल्याचंही नोंदवलं. पँटोप्राझोल-डोम्पेरिडोनची कॅप्सूल वर्षानुवर्षं रोज सकाळी घेणारे असंख्य ज्येष्ठ आहेत. त्यातच लघवीच्या गोळ्यांनी पोटॅशियम उतरलेलं असेल तर क्यूटी आणखी ताणलं जातं. ती कॅप्सूल चालूच ठेवायची का, हे पुढच्या भेटीत विचारून घ्या.

स्मार्टवॉचशी तुलना होणारच. अॅपल वॉचचा ईसीजी एका लीडचा आहे आणि त्याच्या सुधारित आवृत्तीतही एएफचं उत्तर ठोके ५० ते १५० असतानाच मिळतं. त्याचा मोठा फायदा म्हणजे माणसाला आठवण न करता ते पाठीमागे नाडी तपासत राहतं. रोज चार्जिंग करणाऱ्या, तंत्राची सवय असलेल्या पासष्टीतल्या माणसाला घड्याळ सोयीचं. ऐंशीतल्या, बारीक पडद्यावर बोट न जमणाऱ्या माणसाला हे यंत्र बरं. याला चार्जिंग नाही, सीआर २०१६ हा बटणसेल लागतो. दुकानात हमखास मिळणारा सीआर २०३२ जाडीने दुप्पट असतो, तो बसणार नाही. जुना सेल लगेच टाकून द्या. नातवंडाने गिळला तर अन्ननलिका काही तासांत भाजून निघते.

अॅपवरचे शब्द इंग्रजीत असल्यामुळे एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची अडचण होते, ही एक खरी उणीव. मुलं परगावी किंवा परदेशी असतील तर आलेख काढायचं काम आई-वडिलांचं आणि वाचायचं काम मुलांचं, अशी विभागणी करून पीडीएफ व्हॉट्सअॅपवर मागवून घ्यावी. पडद्याचं छायाचित्र पाठवू नका, त्यात चौकोन मोजता येत नाहीत.

पेसमेकर किंवा शरीरात बसवलेलं इतर विद्युत उपकरण असेल तर कंपनीच हे यंत्र वापरू नका म्हणते. पेसमेकरच्या ठिणग्यांमुळे अॅपचं उत्तर विश्वासाचं राहत नाही. त्यांची तपासणी पेसमेकर क्लिनिकमध्येच होते.

डॉक्टरांकडे जाताना पन्नास आलेख नेऊ नका. तीन पुरतात: एक अगदी बरं वाटत असतानाचा, एक धडधडतानाचा, एक चालून किंवा जिना चढून आल्यावरचा. प्रत्येकावर वेळ, त्या क्षणी काय होत होतं आणि शेवटची गोळी किती वाजता घेतली होती, हे पेनाने लिहा.